चिंचोळीच्या रानातील धावडा

थंडीच्या दिवसांत घरोघरी डिंकाचे लाडू वळले जातात. तो डिंक कोणत्या झाडाचा, याची चौकशी मात्र क्वचितच होते. बाजारात धावड्याच्या डिंकाचा मान मोठा. हा धावडा, औषधाच्या बटव्यातील हिरडा व बेहडा, नदीकाठचा अर्जुन आणि देशावर ज्याला ऐन म्हणतात तो आपला राज्यवृक्ष माट्टी, ही सारी एकाच कुलातील भावंडे होत. माट्टीची पंखवाली फळे चतुर्थीला आपण माटोळीस बांधतो. वनस्पतिशास्त्रज्ञ या कुलास अर्जुन कुल म्हणतात. त्याचा एक कोरडा संसार आपल्यापासून दूर, कर्नाटकाच्या ईशान्य कोपऱ्यात आहे आणि त्याची नीट मोजदाद व्हावी, असे आम्हांस वाटते.

कलबुर्गी म्हटले की आपल्यापुढे तूर, शहाबादी फरशी आणि रणरणते ऊन उभे राहते. त्याच जिल्ह्यात, बिदर व तेलंगणाच्या सीमेलगत, चिंचोळी तालुक्यात दाट पानगळीचे रान आहे. २०११ साली त्यातील सुमारे १३५ चौरस किलोमीटर प्रदेश अभयारण्य म्हणून जाहीर झाला. कोरडवाहू दख्खनच्या मध्यावर एवढे रान शिल्लक राहावे, हेच नवल! गुलबर्गा विद्यापीठाने २००० साली जिल्ह्याच्या वनस्पतींचा ग्रंथ प्रसिद्ध केला, ही मोलाची कामगिरी होय. परंतु तो ग्रंथ साऱ्या जिल्ह्याचा. अभयारण्याची सीमारेषा त्यानंतर अकरा वर्षांनी आखली गेली. शिवाय कोणती झाडे आहेत, हे सांगणे वेगळे आणि ती पुढे टिकतील काय, हे सांगणे वेगळे.

येथेच धावड्याची गोष्ट महत्त्वाची ठरते. त्यास बी अमाप येते. पण रुजण्याजोगे त्यात फार थोडे असते. जे रुजते, ते गुरांच्या तोंडातून व वणव्यातून वाचले तरच वाढणार. मुळांपासून फुटणारे धुमारे आणि तोडलेल्या खोडाची पालवी यांवर त्याची बरीच भिस्त असते. तेव्हा छातीच्या उंचीवर खोडाचा घेर मोजून थोराड वृक्षांची यादी केली, तर रान भरलेले दिसेल आणि त्याखाली रोपटे एकही नसेल. म्हातारेकोतारेच उरलेल्या गावाची शिरगणती करून ते नांदते आहे असा अहवाल द्यावा, तसलाच हा प्रकार होय. रोपे, पोरवयाची झाडे आणि थोराड वृक्ष यांची वेगवेगळी नोंद झाली पाहिजे.

हे काम एका फेरीत उरकणारे नव्हे. चैत्रात यांतील बहुतेक झाडे उघडीबोडकी असतात. केवळ सालीवरून ओळखण्याचा अट्टहास केला तर फसगत ठरलेली. ऐन व अर्जुन यांच्या फळांना पाच पंख, तर हिरड्या-बेहड्याला एकही नाही. फुलोरा आणि फळ हाती लागल्यावाचून जात निश्चित होत नाही. त्यातच अलीकडे शास्त्रज्ञांनी धावड्याची स्वतंत्र प्रजाती मोडून त्यास हिरड्याच्या प्रजातीत बसविले आहे. नावांच्या या खेळात जुन्या याद्या व नव्या याद्या जुळविणे हेही एक कामच. म्हणून प्रत्येक ऋतूत जाऊन फांद्या आणाव्यात, कागदांत दाबून वाळवाव्यात आणि ठिकाण व तारीख लिहून त्या विद्यापीठात जपाव्यात.

या रानाच्या परिसरात लमाणी तांडे आहेत. डिंक कोणत्या महिन्यात पाझरतो, बेहडा कोठे दाट आहे, हे त्यांच्याइतके कोण सांगणार? वन खात्याने त्यांस केवळ ओझी वाहण्यास बोलावू नये. रीतसर मजुरी देऊन गणतीत सामील करावे आणि झाडांची लमाणी, कन्नड, तेलुगू व मराठी नावेही शास्त्रीय नावांशेजारी लिहून घ्यावीत. गणतीच्या जागा नकाशावर खुणावून पाच वर्षांनी तेथेच पुन्हा जावे, म्हणजे रोपांचे काय झाले ते कळेल. आमच्या वन खात्यानेही हाच प्रश्न मोले येथील माट्टीच्या बाबतीत स्वतःस विचारावा.