बट्टा कुणाच्या खात्यात?

सुट्टे पैसे हातात पडले की आपण ते मोजतो, पण बघत नाही. अंगठ्याने एकदा सरकवले, आकडा जमला की खिशात! परदेशी नाण्यांचं फावतं ते इथेच. त्यांना ना व्हिसा लागतो ना इमिग्रेशनची रांग. आकार रुपयाच्या जवळपास असला आणि घेणारा घाईत असला की झाली एन्ट्री.

आता तुम्ही म्हणाल, 'बॉस, चिल्लर वापरतं कोण आजकाल? स्कॅन करा आणि सुटा.' तुमच्या आयटी पार्कच्या फूड कोर्टात ठीक आहे हो. मी नोकरीच्या निमित्ताने वर्ध्यात राहतो. क्यूआर कोड इथे पानठेल्यावरसुद्धा लटकलेला असतो, पण शेअर ऑटो, भाजीबाजार आणि एसटीचं तिकीट इथे चिल्लर अजून जोरात फिरते. गेल्या वर्षभरात या चिल्लरमधून माझ्याकडे तीन फॉरेनर आले. एक नेपाळी रुपया, एक अमिरातीचा दिरहम आणि एक चक्क जपानी, मध्ये भोक असलेलं.

वर्ध्यात कुठून येतात ही नाणी, असं विचारू नका. उलट इथे नाही येणार तर कुठे? १९३६ साली गांधीजी सेगावात राहायला आले, पुढे त्याचं सेवाग्राम झालं आणि तेव्हापासून जगभरचे पाहुणे बापूकुटी बघायला येतच आहेत. गीताई मंदिराशेजारी जपानी भिक्षू फुजी गुरुजींच्या प्रेरणेतून उभा राहिलेला विश्वशांती स्तूप आहे. हिंदी विश्वविद्यालय १९९७ पासून आहे, तिथे हिंदी शिकायला परदेशी विद्यार्थी येतात. त्यात हावडा-मुंबई आणि दिल्ली-चेन्नई या दोन मोठ्या रेल्वे लाइन इथे भेटतात. शिवाय मोमोच्या गाड्यांवर आणि वॉचमनच्या केबिनमध्ये नेपाळहून आलेली मंडळी असतातच. थोडक्यात, गाव छोटं, पण चिल्लर इंटरनॅशनल!

यातलं नेपाळी नाणं सर्वांत बेमालूम. त्यावर देवनागरीच असते, त्यामुळे ओळखीचं वाटतं. माझ्या नाण्यावर साल होतं २०६४. दोन सेकंद मला वाटलं, भविष्यातून आलंय की काय! पण नेपाळच्या नाण्यांवर विक्रम संवत असतो. म्हणजे आपलं २००७-०८. किंमत म्हणाल तर १९९३ पासून हिशोब ठरलेला आहे, आपला एक रुपया म्हणजे त्यांचा १ रुपया ६० पैसे. म्हणजे नेपाळी रुपया आपल्या साडेबासष्ट पैशांचा. दिरहमवर कॉफीची सुरई असते आणि तो वीस रुपयांच्या वर जातो. भोकवालं जपानी नाणं पाच येनचं, तीनेक रुपयांचं. जपानीत 'पाच येन' आणि 'ऋणानुबंध' यांचे उच्चार सारखेच होतात, म्हणून तिकडे ते शुभ मानतात आणि देवळात वाहतात. आपल्याकडेही १९४३ ते ४७ मध्ये भोकाचा पैसा होता. घरी आजी असेल तर विचारा, तिला आठवेल.

तर प्रश्न असा की या पाहुण्यांचं करायचं काय?

ऑफिसात विचारलं. पहिला सल्ला सगळ्यांचा एकच, 'चालवून टाक ना यार!' मराठीत याला नेमका शब्द आहे, खपवणं. दुसरा सल्ला दानपेटीचा. देवाला चालतं म्हणे सगळं. देवाला चालत असेल, पण दानपेटी उघडून मोजायला बसणाऱ्यांचं काय? बँका आणि मनी चेंजर नोटा बदलून देतात, नाण्यांना सहसा हातही लावत नाहीत. तिसरा सल्ला एका उत्साही ज्युनियरचा, 'ऑनलाइन विका, लाखात जातात.' नाही जात. चलनात असलेलं, कोट्यवधींनी पाडलेलं नाणं कोण लाखात घेईल? जुन्या नाण्यांच्या नावाने कमिशन आणि टॅक्स उकळणाऱ्यांपासून सावध राहा, असं रिझर्व्ह बँकेनेच २०२१ मध्ये सांगितलं होतं. ठेवून द्यायला मात्र काहीच हरकत नाही. परकीय चलनाच्या नियमांत नोटांना मर्यादा आहे, दोन हजार डॉलरची. परदेशी नाणी मात्र कुणीही कितीही ठेवू शकतो.

पण खरा मुद्दा मला कळला तो आमच्या ऑफिससमोरच्या चहावाल्या मावशींकडे. गल्ल्याशेजारी कुंकवाची एक रिकामी डबी असते. मी तिसऱ्या फॉरेनरची गोष्ट सांगत होतो, तर मावशींनी ती डबी माझ्यापुढे उपडी केली. नऊ नाणी. सहा नेपाळी, दोन दिरहम आणि दहाचं समजून घेतलेलं थायलंडचं दहा बाहतचं एक.

'हे पाय ना बाबू, कोन्या देशाचे हायेत कोन जाणे. सकाळच्या गर्दीत डब्ब्यात पडते, रात्री हिशोबात दिसते.'

मी म्हटलं, 'मग तुम्ही पुढे नाही देत?'

'कोनाले देऊ? दूधवाला घेत नाही, किरानावाला त उलटूनपालटून पाह्यते. अन् ऑटोवाले असं नानं देत नाहीत जी, ते पाहून देते, पाहून घेते. हे सारे तुमच्या ऑफिसातले.'

दहाच्या कपामागे सगळा खर्च जाऊन त्यांना सुटतात दोन-अडीच रुपये. म्हणजे दहाच्या जागी आलेलं एक अनोळखी नाणं म्हणजे चार कप फुकट. आपण 'चालवून टाक' म्हणतो तेव्हा ते नाणं कुठेतरी चालत राहतं असं आपल्याला वाटतं. ते चालत नाही. ज्याला ते पुढे ढकलता येत नाही त्याच्याकडे जाऊन ते थांबतं, आणि तो बहुतेक वेळा आपल्यापेक्षा कमी पगाराचा असतो.

पूर्वी या नुकसानाला रीतसर नाव होतं, बट्टा. परक्या राज्याचं नाणं आलं की सराफ ते घासून, वाजवून बघायचा आणि अमुक टक्के बट्टा कापून आपलं नाणं द्यायचा. 'नावाला बट्टा लागला' म्हणतो ना आपण, तोच हा बट्टा. आपल्या भागात तर याची सवयच होती. वर्धा नदीच्या अलीकडे नागपूरकर भोसले, पलीकडचा वऱ्हाड १८५३ पर्यंत निजामाचा. मराठवाड्यातल्या आजी-आजोबांना विचारलंत तर ते हाली आणि कलदार असे दोन शब्द सांगतील. हाली म्हणजे निजामाचा रुपया, कलदार म्हणजे ब्रिटिश हिंदुस्थानचा, आणि हिशोब सात हालीला सहा कलदार. १९५०च्या दशकातही हाली चालत होता. म्हणजे शेजारच्या जिल्ह्यात बाजाराला जायचं तरी डोक्यात फॉरेक्स! कटकट होतीच, पण परक्या नाण्याला काहीतरी भाव होता, आणि तोटा किती हे दोघांनाही आधीच माहीत असायचं. आता सराफ या धंद्यात नाही, बँक घेत नाही, आणि अख्खा शंभर टक्के बट्टा मावशींच्या डबीत.

सगळ्यात भारी उपाय मात्र दोन हजार वर्षांपूर्वीचा आहे. १९०६ साली नाशिक जिल्ह्यात जोगळटेंभी इथे चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला. नाणी तेरा हजारांहून जास्त, सगळी शक क्षत्रप नहपानाची. त्यावर त्याचा चेहरा आणि ग्रीक, ब्राह्मी, खरोष्ठी अशा तीन लिप्या. गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाला हरवलं तेव्हा ही नाणी बाजारात होतीच. त्याने काय करावं? त्या साठ्यातल्या नऊ हजारांवर नाण्यांवर नहपानाच्या तोंडावरच आपलं चिन्ह ठोकलेलं आहे! चांदी तीच, वजन तेच, फक्त मालक नवा. राजकारण म्हणून तो अपमान होता हे खरं. पण मला त्यातली दुसरी बाजू जास्त आवडते, ज्याच्या गाठीला ती नाणी होती त्याचे पैसे बुडाले नाहीत. आपल्याकडे ठोकायला शिक्का नाही, ही अडचण आहे खरी.

गंमत म्हणजे, परक्यांना असं बेधडक खपवणारे आपण आपल्याच नाण्याला फॉरेनर ठरवतो. दहा रुपयांचं नाणं घ्यायला कुरकुर करणारे तुम्हालाही भेटले असतील. 'यावर पंधरा रेघा आहेत, दहावालं द्या', 'यावर रुपयाचं चिन्ह नाही, खोटं आहे'. रुपयाचं चिन्ह आलंच २०१० साली, मग आधीच्या नाण्यांवर कुठून असणार? रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१८ मध्ये सांगितलं, चौदा प्रकारची दहाची नाणी आहेत आणि चौदाही चालतात. तेव्हा ओळख नीट करून घ्या. आपल्या दहाच्या नाण्याची बाहेरची कडा सोनेरी, मधला भाग चंदेरी. थायलंडच्या दहा बाहतचं बरोबर उलटं, कडा चंदेरी आणि मध्य सोनेरी. एक युरोचे रंग मात्र आपल्यासारखेच, आकाराने तो लहान असतो. तो तुम्हाला दहाचा म्हणून मिळाला तर तुम्ही नव्वदच्या पुढे कमावलेत. देणाऱ्याला शोधून परत करा, म्हणजे झोप चांगली लागेल.

परत येऊ डबीकडे. नाण्याला बँक नको असते, त्याला त्याच्या देशात जाणारा माणूस हवा असतो. कॉर्पोरेट जगात अशी माणसं ढिगाने आहेत. मावशींच्या नणंदेचा मुलगा दुबईला आहे. दोन्ही दिरहम त्याच्या नावाने एका पुडीत बांधले, माझाही त्यातच टाकला. दोन दिरहम म्हणजे चाळीस रुपयांच्या वर, हे ऐकल्यावर मावशींनी पुडीला आणखी एक गाठ मारली. थाय नाणं आमच्या अकाउंट्समधल्या एकाला दिलं, तो ग्रुप टूरने बँकॉकला निघाला होता. त्याने निमूटपणे पंचवीस रुपये मोजले. तुम्ही स्वतः परदेशातून येताना उरलेली नाणी घरी आणू नका. काही विमान कंपन्यांमध्ये युनिसेफचं 'चेंज फॉर गुड'चं पाकीट मिळतं, १९८७ पासून ही योजना आहे, त्यात सरळ टाकून मोकळे व्हा. जपानी नाणं मी ठेवलंय. ऋणानुबंध वगैरे.

उरली नेपाळी. मावशींची पाच एक-एक रुपयाची, एक दोनचं, आणि माझा एक, एकूण आठ रुपये. मावशींना त्यांचे सात रुपये दिले आणि संध्याकाळी नाणी घेऊन स्टेशन रोडच्या मोमोच्या गाडीवर गेलो. तिथला पोरगा दसैंला, म्हणजे आपल्या दसऱ्याला, गावी जातो हे मला ठाऊक होतं. म्हटलं, घे, तुझ्या गावची आहेत, अशीच ठेव.

त्याने चमचा बाजूला ठेवून नाणी तळहातावर पसरली. 'ऐसे नहीं भैया. सौ का एक सौ साठ होता है.' मनातल्या मनात भागाकार केला, गल्ला उघडला आणि पाचचं एक नाणं माझ्या हातावर ठेवलं. आठाचे पाच. हिशोब एकदम चोख.

मी नाणं उलटून बघितलं. आपलंच होतं.