जुळलेल्या दातांचं वय

अकोले तालुक्यातल्या राजूरच्या डांगी जनावरांच्या प्रदर्शनात बैलाचं तोंड उघडून वय सांगणारी माणसं अजून आहेत. आदत, दोनदाती, चारदाती, सहादाती, मग जुळलेला. बैलापुरता हा हिशेब बरोबर आहे. तोच माणसाला लावला की मात्र राग येतो. चाळिशीतली बाई वेडेवाकडे दात सरळ करायचं म्हणाली, की घरीदारी एकच ऐकू येतं: ‘आता या वयात? लग्न झालं, पोरं झाली, आता कुणाला दाखवायचेत?’ या बोलण्यात दोन गोष्टी गृहीत धरलेल्या आहेत. एक, वय झालं की दात सरकत नाहीत. दुसरी, बाईचे दात असतात ते पाहायला येणाऱ्यांसाठी. दोन्ही चुकीच्या आहेत.

दाताचं मूळ आणि जबड्याचं हाड यांच्यामध्ये तंतूंचा पातळ थर असतो. दातावर सतत हलका दाब ठेवला, की दाबाच्या बाजूचं हाड विरघळतं आणि मागे नवं हाड भरत जातं. पन्नाशीतही हे घडतं, फक्त जरा सावकाश. हा दाब तारांनी देता येतो, तसाच अलायनरनेही. अलायनर म्हणजे पारदर्शक प्लास्टिकचे साचे. एकेक साचा दाताला साधारण पाव मिलिमीटर सरकवतो आणि आठवड्या-दोन आठवड्यांनी बदलायचा असतो. अमेरिकेत 1997 मध्ये अलाइन टेक्नॉलॉजी ही कंपनी निघाली, तिच्या संस्थापकांपैकी झिया चिश्ती यांनी स्वतः मोठेपणी तारा लावल्या होत्या. त्यातूनच ही कल्पना पुढे आली.

‘मग लहानपणीच का नाही केलं?’ हा प्रश्न राजूरमध्ये विचारणं मला निर्दय वाटतं. आज चाळिशीत असलेल्या आश्रमशाळेतल्या शिक्षिकेला किंवा नर्सला बाराव्या वर्षी तारा कोण लावणार होतं? दाढ ठणकली तर लवंग, नाहीच थांबली तर उपटायची, एवढीच दातांची दवाखान्याशी ओळख. वाकडा दात दुखत नाही, म्हणून त्याच्यासाठी एसटीचं भाडंही कुणी खर्चलं नाही. आज तिच्या हातात पहिल्यांदा स्वतःचा पगार आहे. बोलताना तोंडावर पदर किंवा हात धरायची सवय तिला मोडायची असेल, तर तेवढं कारण मला पुरेसं वाटतं. शिवाय दातावर दात चढलेला असला की फटीत ब्रश पोचत नाही, तिथे किटण साचतं आणि हिरडी सुजते.

खरी अडचण हिरडीचीच आहे. मिश्री लावून हिरड्या खाली सरकलेल्या असतील, हाड झिजलं असेल, तर आधी ते उपचार. सुजलेल्या हिरडीत दात सरकवायला गेलं तर हाड आणखी जातं. दुसरी अडचण चहाची. साचा दिवसाचे वीस ते बावीस तास तोंडात हवा आणि गरम चहा साचा काढूनच प्यायचा, नाहीतर प्लास्टिक वाकतं, डाग पडतात, साखर दाताशी अडकून कीड लागते. येणाऱ्या प्रत्येकाबरोबर घोटभर घेण्याची आपली पद्धत. दर वेळी साचा काढा, चूळ भरा, परत बसवा. ज्याला हे जमणार नाही त्याने तारा लावाव्यात, त्या निदान काढून ठेवता येत नाहीत.

अंतराचा मुद्दा मात्र अलायनरच्या बाजूने जातो. काही साचे एकदम देता येतात, त्यामुळे खेपा कमी होतात, तुटलेली तार गालाला टोचते म्हणून धावत जावं लागत नाही. पण म्हणून घरबसल्या माप घेऊन टपालाने साचे मागवणं मला मान्य नाही. अमेरिकेतल्या स्माइलडायरेक्टक्लबने तोच धंदा केला आणि डिसेंबर 2023 मध्ये कंपनी बंद झाली तेव्हा कितीतरी लोकांचे उपचार अर्धवट राहिले. एक्स-रे काढून मुळाखालचं हाड पाहणारा, हिरडी तपासणारा डॉक्टर समोर हवा. राजूरवरून जाणारा कोल्हार-घोटी रस्ता अकोले, संगमनेर करत लोणीला पोचतो आणि लोणीत प्रवरा संस्थेचं रूरल डेंटल कॉलेज आहे. पैशाची ओढाताण असेल तर आधी तिथे दाखवावं, तारांचाही खर्च विचारावा. दात फार फिरलेले असतील किंवा काही काढून जागा करायची असेल, तर बहुतेकदा ताराच जास्त चांगलं काम करतात. आणि तारा असोत की अलायनर, शेवटी दात परत सरकू नयेत म्हणून रात्री घालायचा रिटेनर येतोच. त्याचे पैसे आणि त्याची वर्षं पहिल्याच भेटीत विचारून घ्यावीत.