उजनी मायनसमध्ये गेलं की फक्त पाणीच कमी होत नाही

उन्हाळा आला की सोलापूर जिल्ह्यात एकच प्रश्न. उजनी प्लसमध्ये आहे की मायनसमध्ये? पाणी कुणी पळवलं, कालव्याला आवर्तन कधी सुटणार, शहराला किती दिवसाआड पाणी येणार, यावर आपण तावातावाने भांडतो. भांडायलाच हवं. पण धरणाच्या तळाशी काय साठतंय, यावर कुणी बोलत नाही.

अमेरिकेतल्या ब्रिजेट डीमर आणि जॉन हॅरिसन या शास्त्रज्ञांनी सहकाऱ्यांसोबत जगभरातल्या जलाशयांवरच्या मोजण्या एकत्र करून 2016 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. जलाशयांतून निघणाऱ्या वायूंमुळे जी तापमानवाढ होते, तिच्यातला सुमारे 80 टक्के वाटा एकट्या मिथेनचा, असं त्यात दिसलं. आणि ज्या पाण्यात शेवाळ जास्त, तिथे मिथेनही जास्त.

कारण समजायला सोपं आहे. सांडपाण्यातल्या आणि खतांमधल्या नायट्रोजन-फॉस्फरसवर शेवाळ आणि जलपर्णी माजते. ती मरते, कुजते, गाळात बसते. तळाशी ऑक्सिजन नसतो, मग तिथले सूक्ष्मजीव त्याचा मिथेन करतात. गोबरगॅसच्या टाकीत हेच होतं. फरक इतकाच, की तो गॅस आपण चुलीला लावतो आणि हा बुडबुड्यांतून थेट हवेत जातो. पहिल्या 20 वर्षांच्या हिशेबात मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 80 पट तापदायक आहे.

पुढची गोष्ट तर आपल्यासाठीच लिहिल्यासारखी आहे. गाळातले बुडबुडे वरच्या पाण्याच्या वजनाने दाबून राहतात. पाणी उतरलं की दाब कमी होतो आणि ते सुटतात. हॅरिसन यांच्या गटाने 2017 मध्ये हे दाखवलं. एका जलाशयात तर वर्षभरातल्या मिथेनपैकी 90 टक्क्यांहून जास्त, पाणी उतरण्याच्या काही आठवड्यांतच बाहेर पडला.

आता उजनीकडे बघा. एकूण साठा सुमारे 117 टीएमसी, त्यातला 63 टीएमसीच्या वर मृतसाठा. वरून पुणे आणि पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत येतं. आजूबाजूला उसाचा पट्टा, म्हणजे खतंही आलीच. पाणी हिरवं होतं, वास मारतो आणि दर काही वर्षांनी पातळी खोल मायनसमध्ये जाते. अमेरिकेतले आकडे इथे जसेच्या तसे लागू होतील असं मी म्हणत नाही. पण मिथेन तयार व्हायला आणि सुटायला जे जे लागतं, ते सगळं इथे हजर आहे.

मिथेनचा विषय निघाला की बोट जातं शेतकऱ्याच्या गाई-म्हशींकडे आणि भातशेतीकडे. मग शहराने नदीत सोडलेल्या मैल्याचा हिशेब कुणाच्या नावावर मांडायचा? 2019 मध्ये आयपीसीसीने जलाशयांतल्या मिथेनच्या हिशेबाची पद्धतही दिली आहे, आणि पाणी जितकं शेवाळलेलं तितका आकडा वाढवायची सोय त्यात आहे. म्हणजे पद्धत नाही ही सबब चालणार नाही.

धरण नको असं कुणीही शहाणा माणूस म्हणणार नाही. उजनीवर अर्धा जिल्हा जगतो. मागणी साधी आहे.

एक, उजनीतल्या मिथेनची वर्षभर नियमित मोजणी व्हावी, पातळी उतरत असताना तर नक्कीच, आणि आकडे लोकांसमोर यावेत.

दोन, पुण्यात जायका प्रकल्पातली 11 मैलाशुद्धीकरण केंद्रं मंजूर होऊन अनेक वर्षं झाली. नदीकाठ सुशोभीकरणाच्या आधी ती पूर्ण क्षमतेने चालली पाहिजेत. शुद्धीकरणात नायट्रोजन-फॉस्फरसही निघाला पाहिजे, नाहीतर पाणी दिसायला स्वच्छ आणि शेवाळाला खुराक तसाच.

तीन, आपल्या बाजूनेही उसाला ठिबक आणि माती परीक्षण करूनच खत. सगळं पुण्यावर ढकलून आपली सुटका नाही.

हवामान बदल होईल तेव्हा होईल, असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी एवढंच: जे सांडपाणी मिथेन तयार करतं, तेच तुमच्या-आमच्या पिण्याच्या पाण्यात येतंय. उपाय दोन्हीचा एकच आहे. पुढच्या वेळी आमदार-खासदार मतं मागायला आले, की किती टीएमसी याच्या जोडीला पाणी कसलं, हेही विचारा.