चित्राला मुजरा, पत्राला बगल

शिवछत्रपतींचे विश्वसनीय मानले गेलेले एक चित्र डच ईस्ट इंडिया कंपनीच्या धर्मोपदेशकाच्या ग्रंथात आहे. फ्रान्स्वा व्हॅलेंटाइनचा हा ग्रंथ १७२४ ते १७२६ या काळात हॉलंडमध्ये छापला गेला. बरोक काळातील रीतीप्रमाणे हे चित्र तांब्याच्या पत्र्यावर कोरलेले आहे. व्हॅलेंटाइन पूर्वेकडे निघाला १६८५ साली. महाराज १६८० सालीच निवर्तले होते. ज्या पूर्वेत कंपनीचा व्यापार चाले, तेथील राजांचे चेहरे युरोपीय वाचकाला या ग्रंथाने पुरविले. रयत त्या पत्र्यावर कोठेच नव्हती. पूर्वी भलत्याच सरदाराचे चित्र महाराजांचे म्हणून छापले जाई, वा. सी. बेंद्रे यांनी हे चित्र महाराष्ट्रापुढे आणले, हे त्यांचे ऋण मोठे आहे. चेहरा मिळाला. परंतु राज्यकर्त्यांनी त्या राजाचे अर्थकारण स्वीकारले काय?

ते अर्थकारण ५ सप्टेंबर १६७६ च्या पत्रात आहे. प्रभावळीचे सुभेदार रामाजी अनंत यांना महाराज बजावतात की गावोगाव फिरून कुणबी गोळा करावे, ज्याला बैल नाही त्याला बैल द्यावा, पोटाला दाणे द्यावे, आणि दिलेले कर्ज व्याजाविना, त्याच्या ऐपतीप्रमाणे हळूहळू उगवून घ्यावे. भांडवल आधी राज्याने घालावे, परतफेड मागाहून, असा हा हिशेब आहे.

आता पालघरकडे पाहावे. २६ ऑगस्ट २०२४ रोजी मालवणचा शिवपुतळा कोसळला. चारच दिवसांनी, ३० ऑगस्टला, पंतप्रधानांनी पालघरच्या सभेत त्याबद्दल माफी मागितली आणि त्याच सभेत वाढवण बंदराची पायाभरणी केली. पुतळ्याची माफी मागितली गेली. बंदराला वर्षानुवर्षे विरोध करणाऱ्या मच्छीमारांची कोणी मागितली?

बंदराने रोजगार येईल, असे सांगितले जाते. रोजगार कोणास नको आहे? पण या किनाऱ्याला अनुभव आहे. तारापूर अणुऊर्जा केंद्राच्या तिसऱ्या व चौथ्या संचांसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठविली गेली. वीज देशाला मिळाली; विस्थापितांच्या वाट्याला पुनर्वसनासाठी कोर्टकचेऱ्या आल्या. येथे भांडवल आधी घातले ते गरिबाने, आपल्या जमिनीचे; परतफेडीची वाटही त्यानेच पाहायची. १६७६ चा हिशेब नेमका उलटा झाला आहे.

पालघर-बोईसरच्या कार्यकर्त्यांनी म्हणूनच यापुढे शिवजयंतीला प्रतिमेला हार घालून थांबू नये. ते पत्र कोळीवाड्यात, पाड्यापाड्यावर आणि कारखान्यांच्या फाटकांवर मोठ्याने वाचावे, आणि प्रतिमा मिरविणाऱ्या प्रत्येक मंत्र्याला त्याच्या ओळीओळीचा जाब विचारावा. कोरलेला चेहरा कोणालाही मिरविता येतो. त्या पत्रातील हिशेब मात्र चुकवावाच लागतो.