शीर्षकांना बिचकणारे कान

'संगीत संगीतच असावे, त्यात राजकारण आणू नये' हा उपदेश नव्या जॅझला हमखास ऐकवला जातो. उपदेशकांनी 'सन्स ऑफ केमेट' या लंडनच्या वाद्यवृंदाचा २०१८ सालचा 'युअर क्वीन इज अ रेप्टाइल' हा अल्बम ऐकावा. ब्रिटिश राजसत्ता नाकारणाऱ्या या अल्बमात नऊ रचना आहेत आणि प्रत्येकीचे शीर्षक 'माझी राणी' म्हणून एका कृष्णवर्णीय स्त्रीचे नाव घेते. त्यांत हॅरिएट टबमन, अँजेला डेव्हिस आहेत, तशीच सॅक्सोफोनवादक शबाका हचिंग्ज यांची पणजी एडा ईस्टमनही आहे. शेवटची रचना डोरीन लॉरेन्स यांच्या नावे. त्यांचा मुलगा स्टीफन १९९३ साली लंडनमध्ये वर्णद्वेषाचा बळी ठरला.

आक्षेप असा, की नावे पुसली तर उरते ते निव्वळ वादन. ठीक आहे, वादनच ऐकू. सॅक्सोफोन, ट्यूबा आणि दोन ड्रमवादक. ट्यूबा खालून जमीन हादरवतो, ड्रम कॅरिबियन मिरवणुकीची लय धरतात. दरबारात बसून माना डोलवाव्यात अशी ही लय नाही. सिंहासनाचा नकार तालातच भिनलेला आहे. शीर्षके त्याचा फक्त उच्चार करतात.

'कला की प्रचार?' हा प्रश्न आपल्याकडे दलित कवितेलाही विचारला गेला. हँडेलने १७२७ साली दुसऱ्या जॉर्जच्या राज्याभिषेकासाठी संगीत रचले. त्याला मात्र हा प्रश्न कोणी विचारल्याचे ऐकिवात नाही. राणीचे नाव बदलले, की लगेच शुद्ध कलेची आठवण होते.