पूल येऊ देत, फेरीही राहू दे

गुहागरहून मामेभावाचा निरोप आला. "ताई, पुढच्या वेळी याल तेव्हा तवसाळला फेरीची वाट बघत बसायला नको. जयगडला पूल होणार." त्याला वाटलं, मी खूश होईन. मी मात्र दिवसभर धुमसत होते.

पूल नको असं माझं म्हणणं नाही, हे आधीच सांगते. रात्री फेरी बंद झाली की तवसाळची बाळंतीण रत्नागिरीला न्यायला गाडीला केवढा वळसा पडतो, हे मला ठाऊक आहे. त्या घरातल्या माणसाला फेरीचं कौतुक ऐकवायला मी जाणार नाही. पूल हवाच. पण "फेरी गेली एकदाची" असा जो सूर सगळीकडे लागलाय, तो मला सहन होत नाही.

माहिती थोडक्यात अशी. रेवसपासून रेड्डीपर्यंतचा सागरी महामार्ग जवळजवळ पाचशे किलोमीटरचा. ही कल्पना बॅरिस्टर अंतुल्यांच्या काळापासूनची. महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळाने आता खाड्यांवरचे पूल मनावर घेतले आहेत. रेवस–कारंजा, आगरदांडा–दिघी आणि जयगड ही नावं त्यात आहेत. इतकी वर्षं या खाड्या आपण बोटीनेच ओलांडल्या. दाभोळ–धोपावे ही गाड्या नेणारी फेरी २००३ साली सुरू झाली. तोवर दापोलीहून गुहागरला गाडी न्यायची म्हणजे खेड-चिपळूण करत जायचं. पुढे वेसवी–बागमांडला, तवसाळ–जयगड, आगरदांडा–दिघी इथेही अशाच फेऱ्या आल्या. गावातली माणसं या बोटीला जंगलजेटी म्हणतात.

गेल्या हिवाळ्यात नवरा आणि मी मांडव्यापासून वेंगुर्ल्यापर्यंत सायकलने गेलो, हे या सदराच्या वाचकांना माहीत आहे. घावण्यांबद्दल आणि आरे-वारेच्या रस्त्याबद्दल तेव्हा लिहून झालं. राहिल्या त्या खाड्या, आणि खरा प्रवास तिथेच होता.

कोकणचा किनारा नकाशावर सरळ उतरलेला दिसतो. सायकलवर बसलं की तो सरळ नाही, सपाट तर मुळीच नाही, हे पोटऱ्यांना कळतं. खाडीच्या काठावरून रस्ता उठतो तो थेट सड्यावर. वर जांभा तापलेला, सावलीला झाड नाही, वाऱ्यावर वाळलेलं गवत. मैल-दोन मैल तसं गेलं की उतार लागतो, ब्रेक दाबून हात दुखायला लागतात, मग एकदम आगर, माड-पोफळी, पाटाचं पाणी, आणि पुन्हा खाडी. दिवसातून तीन-तीनदा हेच. वेळणेश्वर, हेदवी, तवसाळ या पट्ट्यात तर श्वास जागेवर येईपर्यंत पुढचा चढ समोर उभा.

आणि चढावर नवरा-बायकोला एकमेकांचा काही उपयोग नसतो.

हे मला कोकणात कळलं, कारण सायकल मी शिकले ती इथे, मी राहते त्या स्लोटरडाइकला. नेदरलँड्समध्ये चढ फारसे नाहीत, वारा आहे. समुद्रकिनाऱ्याने निघालं की समोरून येणारा वारा माणसाला जागेवर खिळवतो. पण वाऱ्यात मदत करता येते. ज्याच्या अंगात त्या दिवशी जास्त ताकद आहे त्याने पुढे व्हायचं, दुसऱ्याने त्याच्या मागच्या चाकाला चाक लावून त्याच्या आडोशाने यायचं. थोड्या वेळाने पाळी बदलायची. अख्खा दिवस असा जोडीने काढता येतो. उन्हाळ्यात आमच्या भागातून अशी जोडपी सारखी जाताना दिसतात. इथून कालव्याच्या काठाने पश्चिमेला गेलं की दोनेक तासांत आयमाउडन येतं आणि तिथून संध्याकाळी इंग्लंडातल्या न्यूकॅसलची बोट सुटते. नॉर्दम्बरलंड, मग स्कॉटलंडचा खडकाळ किनारा, असा त्यांचा बेत असतो. पासष्टी ओलांडलेली माणसं, दोन्ही बाजूंना पिशव्या लटकवलेल्या सायकली. स्लोटरडाइक स्टेशनात रुळांच्या दोन वाटा खाली-वर एकमेकींना ओलांडून जातात. वरच्या फलाटावरून खाली यायला लिफ्ट लागते आणि लादलेली सायकल त्यात एका वेळी एकच मावते. मग एक जण वर, एक खाली. तेवढ्या वेळात मी त्यांच्याशी बोलून घेते. परवाच्या आजी सांगत होत्या, वाऱ्यात ते दोघं एकमेकांना सांभाळून घेतात, पण स्कॉटलंडच्या चढांवर तासन्‌तास एकेकटेच असतात.

अगदी खरं आहे. चढावर पुढे गेलेल्याने मागच्याला आडोसा देता येत नाही. प्रत्येकाने आपलं वजन, आपलं सामान, आपला दम स्वतःच वर न्यायचा. पुढच्याने हळू चालवली तर त्याचे पाय भरून येतात, मागच्याने ओढून चालवली तर छाती भरते. लग्नाला इतकी वर्षं झालेली दोन माणसं एकाच रस्त्यावर अर्ध्या तासाच्या अंतराने, आपापल्या घामात. मला त्याचं वाईट वाटलं नाही, उलट बरं वाटलं. हेदवीनंतरच्या चढावर मी एकटी होते, आणि त्या सड्यावरचा माझा एकटीचा तास मी कुणालाही देणार नाही.

पण एकटं राहायलाही कुठेतरी भेटण्याची जागा ठरलेली लागते. कोकण किनाऱ्यावर ती जागा म्हणजे फेरीचा धक्का. कितीही पुढे गेलेला माणूस तिथे थांबतोच, कारण बोट नसते. पाणी प्यायचं, टोपी काढायची, मागचं माणूस उतार उतरताना दिसेपर्यंत बसायचं. मग बोट येते आणि दोघं एकदमच पलीकडे जातात.

दाभोळचा धक्का डोळ्यांपुढे आणा. बोटीचा लोखंडी फळा साखळ्यांवर करकरत खाली येतो आणि काँक्रीटवर आदळतो. आधी मोटरसायकली, मग रिक्षा, मग मुंबईच्या पाटीच्या गाड्या. फळ्यावर आडव्या पट्ट्या असतात, कडेला शेवाळ. सायकल तिथे तिरपी घातली की मागचं चाक सरकतं, सरळच न्यावी लागते. बोटीवरच्या पोऱ्याने आमच्या सायकली कठड्याला सुतळीने बांधून दिल्या. बाकावर पाट्या घेऊन बसलेल्या बायका होत्या. त्यांतल्या एकीने उठून माझ्या टायरवर अंगठा दाबून पाहिला. मग प्रश्न सुरू. कुठून आलात? मुलं किती? घरी कोण बघतं? आणि शेवटी, "पंचर झाली तर काडतं कोण?"

"दोघांनाही येतं."

तिने नवऱ्याकडे पाहिलं. त्याने मान हलवली. मी पिशवीतून टायर उचकटायच्या पट्ट्या आणि ठिगळांची डबी काढून दाखवली. तिने ती डबी उघडून आतलं सगळं नीट पाहिलं, परत दिली, आणि सरकून मला बाकावर जागा केली. पलीकडे धोपाव्याला उतरेपर्यंत तिने मला कुठल्या वळणावर पाणी मिळेल, कुठला चढ "मोटा" आहे आणि कुठल्या घरी हाक मारली तर जेवायला मिळेल, हे सगळं सांगितलं. एकही गोष्ट चुकीची निघाली नाही. सायकलवाल्याला गाव भेटतं ते असं. पुलावरून जाताना कोण कुणाला थांबवून सांगणार?

आता इथल्या एका बोटीबद्दल सांगते, म्हणजे माझं म्हणणं निव्वळ हळवेपणाचं नाही हे कळेल. आमच्या स्टेशनाच्या उत्तरेला नॉर्थ सी कालवा आहे, १८७६ साली खुला झालेला. त्यावर हेमपाँट नावाची फेरी चालते, पलीकडे झांडमला नेणारी. तिच्या जवळच पाण्याखालून मोटारींचा कून बोगदा आहे, तो १९६६ पासून. पुढे २०१३ साली त्याला जोड म्हणून दुसरा बोगदाही झाला. मोटारींचा प्रश्न सुटला. पण बोगद्यातून सायकल नेता येत नाही, म्हणून बोट बंद केली नाही. ती आजही चालते, आणि चालत येणाऱ्याला, सायकलवाल्याला तिकीट नाही. कालवा खणताना लोकांचे जुने रस्ते तोडले, तेव्हा तो ओलांडायला त्यांच्याकडून पैसे घ्यायचे नाहीत, इतका साधा न्याय आहे त्यामागे. खर्च सरकारी तिजोरीतून होतो. उत्तर समुद्राच्या कडेने जाणारा मोठा सायकल मार्ग २००१ साली खुला झाला, त्यातही नॉर्वेच्या खाड्यांवरच्या बोटी अडथळा म्हणून नाहीत, मार्गाचाच भाग म्हणून आहेत.

आपल्याकडे फेरी चालते ती गाड्यांच्या तिकिटावर. पूल झाला की गाड्या वरून जाणार, आणि चार पाट्या, दोन सायकली आणि शाळेची पोरं यांच्या जिवावर कुणीही डिझेल जाळणार नाही. म्हणजे पूल खुला झाला की फेरी मरणार, हे आत्ताच दिसतं आहे. मग उद्या दाभोळलाही पूल झाला तर धोपाव्याची बाई तिथल्या बाजाराला कशी जाणार? चढ चढून, वळसा घालून, ट्रकच्या शेजारून, पायी? तिच्यासाठी दिवसातून काही ठरलेल्या फेऱ्या शासनाने पैसे घालून चालू ठेवल्या पाहिजेत. एसटी जशी फायद्याच्या पलीकडे जाऊन गावोगाव पोचते, तशीच ही सेवा मानली पाहिजे. त्यासाठी महामार्गाच्या खर्चाच्या मानाने लागणारी रक्कम फार नाही.

आणि पुलांवर पायी चालणाऱ्यांना आणि सायकलींना वेगळी, कठडा असलेली पट्टी हवी. समुद्रावरचा वारा पुलावर आडवा लागतो. लादलेली सायकल त्या वाऱ्यात हातभर बाजूला ढकलली जाते, आणि त्याच क्षणी शेजारून डंपर गेला तर काय होईल हे लिहायला नको.

किनाऱ्यावरच्या वाचकांना माझी विनंती आहे. आपल्या खाडीवरच्या पुलाच्या नकाशात ही पट्टी आहे की नाही, ते ग्रामसभेत विचारा, लेखी विचारा, आणि फेरीचं पुढे काय ठरलंय तेही त्याच अर्जात विचारा. तवसाळ, जयगड, दिघी, आगरदांडा इथल्या लोकांनी तर लगेच विचारावं. एकदा स्लॅब पडला की पूल सहजासहजी रुंद करता येत नाही.