बॉनीचं वय काय?

८ फेब्रुवारी २०२३ रोजी डिस्नेचे प्रमुख बॉब आयगर गुंतवणूकदारांशी बोलले, तेव्हा त्यांनी एका दमात बरंच काही सांगून टाकलं. कंपनी ५५० कोटी डॉलरचा खर्च कमी करणार, ७,००० नोकऱ्या जाणार आणि ‘टॉय स्टोरी’, ‘फ्रोझन’ व ‘झूटोपिया’ यांचे पुढचे भाग येणार. ‘टॉय स्टोरी’तली वुडी आणि बझ ही खेळणी परत येताहेत हे जगाला कळलं ते असं, जमाखर्चाच्या ओळींमधून. पाचव्या ‘टॉय स्टोरी’ची तारीख आता १९ जून २०२६ ठरली आहे. दिग्दर्शक आहेत अँड्र्यू स्टँटन. पहिल्या चित्रपटापासून या मालिकेच्या लेखनात त्यांचा हात आहे, त्यामुळे घराची किल्ली परक्याकडे गेली असं कुणी म्हणू शकणार नाही. तरीही हा पाचवा भाग निघायला नको होता, असं माझं मत आहे. मात्र त्यासाठी जे कारण सगळे देतात, ते मला पटत नाही.

ते कारण म्हणजे पैसा. सिक्वेल पैशासाठी निघतात, म्हणून ते वाईट, असं म्हणणं सोपं आहे. पण मग दुसऱ्या ‘टॉय स्टोरी’चं काय करायचं? तो तर थिएटरसाठी नव्हताच. थेट व्हिडिओ कॅसेटवर आणून चार पैसे सुटावेत, एवढ्याच हिशेबाने डिस्नेने तो काढायला घेतला होता. काम चालू असताना १९९८ मध्ये कुणीतरी चुकीची आज्ञा टाइप केली आणि संगणकावरून चित्रपटाच्या बहुतेक फाइली पुसल्या गेल्या. बाळंतपणानंतर घरून काम करणाऱ्या गॅलिन सुसमन यांच्या घरच्या संगणकावर एक प्रत होती, म्हणून तो वाचला. आणि एवढं वाचवलेलं काम हे चित्रपट बनवणाऱ्या पिक्सार स्टुडिओने पुढे स्वतःच मोडीत काढलं, कारण गोष्ट जमली नव्हती. जेमतेम नऊ महिन्यांत सगळं नव्याने उभं राहिलं, आणि १९९९ मध्ये आलेल्या त्या चित्रपटाला अनेक जाणकार आजही पहिल्यापेक्षा सरस मानतात. (जाता जाता: आयगर यांनी जाहीर केलेल्या त्याच कपातीत २०२३ मध्ये पिक्सारमधून ज्यांना नारळ मिळाला, त्यांत सुसमनही होत्या.) तेव्हा चित्रपट कुठल्या हेतूने काढला यावरून तो कसा होईल हे ठरत नाही. तिसऱ्या भागामागेही धंदा होताच, आणि त्याने शंभर कोटी डॉलरचा टप्पा गाठला. ॲनिमेशनपटाच्या बाबतीत असं पहिल्यांदाच घडलं. त्या पैशाने चित्रपटाचं काही बिघडलं नाही.

मग आक्षेप कशाला? त्यासाठी लांबत जाणाऱ्या गोष्टींचे दोन प्रकार वेगळे करावे लागतात. एका प्रकारात घड्याळ बंद असतं. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा चिंटू १९९१ मध्ये वर्तमानपत्रात आला. त्याला तेव्हा वाचणारी पोरं आज पोरांचे आईबाप आहेत. चिंटू अजून दप्तर घेऊन शाळेतच चालला आहे. २०१२ आणि २०१३ मध्ये त्याच्यावर दोन चित्रपट निघाले, आणखी चार निघाले असते तरी कुणाचं काही बिनसलं नसतं. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे पुस्तकामागून पुस्तक सायकल मारत राहिला आणि त्याचं वय काढण्याची गरज कुणाला पडली नाही. डोरेमॉनचे चित्रपट १९८० पासून जवळजवळ दरवर्षी येतात आणि नोबिता नापास व्हायचा थांबत नाही. या गोष्टींचा करारच असा असतो की, इथे कुणी मोठं होणार नाही. इथे पुढचा भाग म्हणजे उद्याचा डबा. आजचा खाल्ला म्हणून उद्याचा अन्याय ठरत नाही.

‘टॉय स्टोरी’चा करार नेमका उलटा होता. तिथे घड्याळ चालू होतं, आणि त्याची टिकटिक हीच खरी गोष्ट होती. १९९५ च्या पहिल्या चित्रपटात खेळण्यांना सगळ्यात जास्त भीती कशाची वाटते? वाढदिवसाची. कारण वाढदिवसाला नवीन खेळणं येतं, आणि मूल एका वर्षाने मोठं होतं. तेव्हा पहिली भीती पडद्यावर दिसली, दुसरी मनात दबून राहिली. दुसऱ्या भागाने ती बाहेर काढली. अँडी या मुलाचा लाडका वुडी चोरीला जातो, टोकियोच्या संग्रहालयात काचेआड कायमचं सुरक्षित राहण्याची संधी त्याच्यापुढे येते आणि स्टिंकी पीट नावाचं दुसरं खेळणं त्याला बजावतं की, अँडी मोठा होईल, तुला विसरेल. वुडी हे नाकारत नाही. पीटचं म्हणणं खरं आहे हे त्याला कळतं आणि तरी तो घरी परततो. काचेमागे अमर होण्यापेक्षा एका पोराच्या हातात चार वर्षं झिजणं तो पत्करतो. २०१० च्या तिसऱ्या भागाने त्या निवडीची किंमत चुकती केली: अँडी सतरा वर्षांचा, कॉलेजला निघालेला, खोके भरले जाताहेत. अकरा वर्षांनी आलेल्या या चित्रपटात त्याला आवाज दिला होता तो लहानपणी ज्याने दिला, त्याच जॉन मॉरिसने. पहिला भाग पाहिलेली सहा-सात वर्षांची मुलं तोवर स्वतःच घराबाहेर पडण्याच्या वयाची झाली होती. शेवटी अँडी अंगणात छोट्या बॉनीला एकेक खेळणं सोपवतो, वुडीपाशी त्याचा हात अडतो, आणि मग तोही देऊन टाकतो. तीन चित्रपटांची उधारी त्या अंगणात फिटली.

इथे थांबावं, असं तेव्हाही म्हटलं गेलं होतं. २०१९ मध्ये चौथा आला. प्रामाणिकपणे सांगायचं तर तो वाईट नव्हता. उत्कृष्ट ॲनिमेशनपटाचं ऑस्करही त्याला मिळालं. एक प्रश्न त्याच्यापाशी होता: ज्याची कुणाला गरज उरली नाही, त्या खेळण्याने काय करायचं? बॉनी वुडीला कपाटातच ठेवते, प्लास्टिकच्या काटा-चमच्यापासून केलेला फोर्की तिला जास्त प्रिय होतो, आणि अखेरीस वुडी आपला शेरीफचा बिल्ला सोबतीण जेसीला देऊन जुनी मैत्रीण बो पीपबरोबर निघून जातो. म्हाताऱ्या माणसाने संसारातून अंग काढून घ्यावं, तसं. पण हा प्रश्न विचारण्यासाठी चित्रपटाने काय मोडलं, ते बघा. ज्या वुडीसाठी अँडीचा हात अडला, ज्याला जप म्हणून त्याने बॉनीला सांगितलं, त्याच्या वाट्याला धुळीचा गोळा आला. आता तिसरा भाग पाहताना ते अंगण पूर्वीसारखं दिसत नाही. म्हणूनच ‘नको असेल तर पाहू नका, जुने चित्रपट कुठे पळून गेलेत?’ या युक्तिवादात मला दम वाटत नाही. चालत्या घड्याळाच्या गोष्टीत पुढचा भाग मागे जाऊन मागच्या भागाचा अर्थ बदलतो. चिंटूच्या उद्याच्या व्यंगचित्राने आजचं बदलत नाही. शेवट हा शेवट होता की मध्यंतर, हे पुढच्या भागावरून ठरतं, आणि ते न पाहिलेल्या प्रेक्षकाच्याही कानावर येतंच.

पाचव्या भागाचा विषय मात्र चौथ्यापेक्षा जोरदार आहे, हे मान्य करायला हवं. बॉनीच्या घरी बेडकाच्या आकाराचा एक टॅबलेट येतो, नाव लिलीपॅड, आणि खोलीतली खेळणी ओस पडतात. मोबाइल समोर धरल्याशिवाय पोर घास घेत नाही ही तक्रार ज्या घरात नाही, असं घर आज पुण्या-नागपुरात काय, आडगावातही विरळा. खेळण्याला खेळण्याची भीती वाटणं वेगळं. इथे तर खेळण्याचीच गरज संपण्याची भीती आहे. पण हा विषय सांगायला वुडी, बझ आणि जेसीच कशाला हवेत? १९९५ मध्ये बझ आला तोच मुळी दिवे, बटणं आणि आवाज घेऊन, आणि पाठीत दोरी असलेला वुडी त्याच्यापुढे जुनाट दिसला होता. नव्या यंत्राने जुन्या बाहुलीला बाजूला सारण्याची गोष्ट या मंडळींनी एकदा जगून झाली आहे. टॅबलेटपुढे हरणारी नवी खेळणी, नवं घर, नवं मूल असतं, तर हाच विषय कितीतरी धारदार झाला असता. त्यात वुडीही परत आहे. चौथ्या भागाने मोठ्या कष्टाने मिळवलेली एकमेव गोष्ट होती त्याचं निघून जाणं, तीही राहिली नाही. टोकियोच्या त्या काचेच्या कपाटात वुडी जायला तयार नव्हता. त्याच्या निर्मात्यांनीच त्याला आता तिथे नेऊन बसवलं आहे.

माझ्या म्हणण्यावरचा सगळ्यात वजनदार आक्षेप धंद्याचाच आहे, पण दुसऱ्या बाजूने. असे सिक्वेल चालतात, म्हणून तर नव्या कल्पनांना पैसा मिळतो, असं म्हणतात. पिक्सारचा इतिहास तपासला तर काय दिसतं? १९९५ ते २००९ या काळात स्टुडिओने दहा चित्रपट काढले, त्यांत सिक्वेल एकच, ‘टॉय स्टोरी २’. २०१० ते २०१९ मध्ये अकरा काढले, त्यांतले सात आधीच्याच गोष्टींचे पुढचे-मागचे भाग. सिक्वेलच्या पैशाने नव्या गोष्टींना जागा मिळते, हे खरं असतं, तर हे प्रमाण उलटं दिसायला हवं होतं. नवं चालत नाही म्हणावं, तर ‘इनसाइड आउट’ने ८५ कोटी डॉलरच्या वर आणि ‘कोको’ने ८० कोटींच्या वर कमाई केली. या दोन्ही नव्या कल्पना होत्या, आणि ‘इनसाइड आउट’चा दुसरा भाग २०२४ मध्ये दीडशे कोटींच्या पुढे गेला, तो या नव्याच्याच जिवावर. ‘सोल’, ‘लुका’, ‘टर्निंग रेड’ हे तिन्ही नवे चित्रपट अमेरिकेत थिएटरऐवजी थेट घरच्या पडद्यावर सोडले गेले. दुकानात न ठेवलेला माल खपला नाही म्हणून मालाला नावं ठेवता येत नाहीत. आणि २०२२ मध्ये ज्याला मोठ्या पडद्याचा मान मिळाला, तो ‘लाइटइयर’ कुणाच्या नावावर आला होता? बझच्या. सुमारे २० कोटी डॉलर खर्चून त्याने जेमतेम २२ कोटींच्या वर गल्ला जमवला. थिएटरवाल्यांचा वाटा आणि जाहिरातीचा खर्च धरला तर तो तोट्यातच. ‘एलिओ’ हा नवा चित्रपट २०२५ मध्ये आपटला, हेही खरंच. पण नवी कल्पना पडू शकते तशी ‘टॉय स्टोरी’ची पाटीही पडू शकते, एवढाच त्याचा अर्थ.

आजच्या मुलांना त्यांची स्वतःची ‘टॉय स्टोरी’ मिळायला नको का, असंही विचारलं जातं. मिळालेली आहे की. १९९५ च्या संगणकांना माणसांची कातडी आणि केस धड जमत नव्हते, प्लास्टिक मात्र उत्तम जमत होतं. म्हणूनच पिक्सारने नायक म्हणून खेळणी निवडली. त्यामुळे अँडीचा चेहरा आज ओबडधोबड दिसतो, पण बझचं चकाकणारं अंग तीस वर्षांनीही जुनं वाटत नाही. आज पाच वर्षांच्या पोरापुढे पहिला भाग लावा, त्याच्यासाठी तो नवाकोराच असेल. जुनं होतं ते मोठ्यांचं. टॉम हँक्स पहिल्या भागाच्या वेळी ३९ वर्षांचे होते, पाचवा येईल तेव्हा सत्तरीला तीन आठवडे उरले असतील. मिस्टर पोटॅटो हेडचा आवाज डॉन रिकल्स २०१७ मध्ये गेले. चौथ्या भागात त्यांची जुनी ध्वनिमुद्रणं जोडून काम भागवलं गेलं. पडद्याबाहेर सगळ्यांची घड्याळं चालू आहेत, पडद्यावरचंच तेवढं मंद झालं आहे.

आणि या सगळ्याचा निकाल बॉनीच्या वयातच आहे. २०१० मध्ये अँडीने तिच्या हाती खेळणी दिली तेव्हा ती बालवाडीच्या वयाची होती. अँडीच्या बाबतीत मालिकेने जो नियम पाळला, तोच पाळला असता, तर २०२६ मध्ये ती शाळा संपवून घराबाहेर पडण्याच्या वयाची झाली असती. खोलीत खोके भरत असती, वुडी-जेसीला कुणाला द्यावं या विचारात. प्रामाणिक पाचवा भाग असा, एवढा एकच संभवतो. आणि तो चित्रपट ली अन्क्रिच यांनी १८ जून २०१० लाच प्रदर्शित केला आहे.